उजवं चाक लोंबलं नाही

मंडळी, हा लेख खरं तर गणपती झाल्याझाल्याच लिहायचा होता. दोन-तीनदा बसलोही. पण बसलं की पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज आठवायचा आणि मी उठून चहा करायला जायचो. आता लिहून टाकतो. गोष्ट २०२५च्या गणपतीची. विषय मारुती ८००चा पुढचा सस्पेन्शन. ज्यांना गाड्यांमध्ये शून्य इंटरेस्ट आहे त्यांनी पण वाचा. गाडी निमित्त आहे.

तर आमच्याकडे रत्नागिरीला एक पांढरी मारुती ८०० आहे. २००७ची. बाबांनी शाळेतून रिटायर होताना घेतली. आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाची पहिली आणि शेवटची गाडी. १८ जानेवारी २०१४ ला मारुतीने ८०० बनवणं बंद केलं, आणि ते कळल्यावर बाबांनी मला फोन करून ती बातमी अशी सांगितली होती, की जणू लांबचा कोणी चुलता गेला. २०२२ साली पंधरा वर्षं झाली म्हणून नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं, आणि त्यानंतर दोनच महिन्यांत बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग गाडी जी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. तीन पावसाळे! कोकणातले तीन पावसाळे म्हणजे काय ते कोकणातल्यांना सांगायला नको. आमच्याकडे पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, लोखंडाचं काय घेऊन बसलात.

बाबांचा गुडघा बरा झाला. मग एक दिवस फोनवर सहज म्हणाले, "यंदा गणपती गाडीतून आणायला मिळाला तर बरं." एवढंच. बाबांच्या भाषेत याला हट्ट म्हणतात. आमच्याकडे गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती बनवतात त्या कारखान्यातून, मूर्ती आणायची ती या गाडीतून. बाबा चालवणार, मी पुढे मांडीवर पाट घेऊन बसणार, आई मागे. तीन वर्षं गणपती रिक्षातून येत होते.

मी लगेच म्हटलं, "मी करतो गाडी तयार." सॉफ्टवेअरवाल्यांचा हा आजार आहे. दिवसभर अशा गोष्टी करायच्या ज्यांना हात लावता येत नाही, मग वीकेंडला कुठलीतरी खरीखुरी वस्तू उघडून बसायची. माझी तयारी म्हणाल तर पुण्यात स्वतःच्या गाडीचं ऑइल बदलणं, ब्रेक पॅड बदलणं आणि भरपूर व्हिडिओ बघणं.

१५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. तीन दिवस मिळाले. नवी बॅटरी, टाकीतलं जुनं पेट्रोल काढणं, ब्रेक साफ करणं... इंजिन दुपारपर्यंत चालूसुद्धा झालं. तीन सिलिंडरचा तो ओळखीचा थरथराट ऐकून आई बाहेर येऊन उभी राहिली. पण गाडी जरा पुढे-मागे केली तर पुढून खडखड आवाज. खाली वाकून बघितलं तर लोअर आर्मच्या रबरी बुशांचा भुगा झालेला. ठरलं, पुढचा सस्पेन्शन पूर्ण उतरवायचा, बुश, वरचं माउंटिंग, बेअरिंग सगळं नवीन टाकायचं आणि पुढच्या वीकेंडला जोडायचं. गणेश चतुर्थी बुधवारी, २७ तारखेला. मूर्ती मंगळवारी आणायची. म्हणजे रविवारी रात्रीपर्यंत काम संपलं की झालं. रिलीज प्लॅन तयार!

आता थोडं तांत्रिक. ८००ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. आधी जनरल मोटर्समध्ये होता, मग फोर्डमध्ये गेला, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमधून त्याची रचना रस्त्यावर आली. कल्पना अशी की चाकाला वर-खाली दोन आर्म देण्याऐवजी खाली एकच आर्म द्यायचा आणि वरच्या आर्मचं काम शॉकअपकडूनच करून घ्यायचं. एक जाड नळी, तिच्यातून बाहेर येणारा गुळगुळीत क्रोमचा रॉड, दोघांच्या भोवती स्प्रिंग. खालचं टोक चाकाच्या नकलला बोल्टने घट्ट, वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला. स्टिअरिंग फिरवलं की आख्खा स्ट्रट फिरतो, म्हणून वर बेअरिंग. स्वस्त, सुटसुटीत, जागा कमी खातो. म्हणून लहान गाड्यांमध्ये जगभर तोच. फक्त एक गोम आहे. एकाच भागावर तीन कामं टाकली की तो भाग बिघडल्यावर तीन कामं बिघडतात. (आमच्या टीममध्येही असा एक माणूस आहे. असो.)

शॉकअप हा शब्दच थोडा फसवा आहे. शॉक खायचं काम मुळात स्प्रिंग करते. खड्डा आला की ती दबते आणि ऊर्जा साठवते. पण साठवलेलं परत द्यायची तिची सवय असते, आणि ती एकदा देऊन थांबत नाही. नुसती स्प्रिंग असेल तर गाडी एका खड्ड्यानंतर पुढचा फर्लांगभर पाळण्यासारखी झुलत राहील. शॉकअपच्या आत तेल असतं, रॉडच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा. रॉड हलला की तेल त्या भोकांतून कसंबसं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे शॉकअप हा विसरायला लावणारा भाग आहे. झालं ते झालं, आता शांत हो, असं स्प्रिंगला सांगणारा.

आणि तो जाम झाला तर? बाहेरून काहीच दिसत नाही. तेल गळत नाही, आवाज येत नाही. उलट गाडी कडक, ठाम वाटते. पण आत स्प्रिंगला दबायला आणि सुटायला जागाच राहिलेली नसते. चाक आणि बॉडी मिळून एक ठोकळा. मग खड्डा आला की मधे राहतो फक्त टायर. बाकीचा दणका माउंटिंगला, पत्र्याला आणि तुमच्या कमरेला. चाक रस्ता सोडून उडतं, आणि जे चाक रस्त्याला टेकलेलं नाही ते ना ब्रेक लावू शकत ना वळवू शकत. एका बाजूचा जाम आणि दुसऱ्या बाजूचा चांगला असेल तर आणखी मजा, गाडी प्रत्येक खड्ड्यात तिरकी होते.

हे सगळं मला १५ ऑगस्टलाही माहीत होतं. ही या गोष्टीतली लाजिरवाणी बाब आहे.

कारण त्या शुक्रवारी आम्ही गाडीचं पुढचं तोंड जॅकवर उचललं आणि खाली लोखंडी घोड्या लावल्या. गाडी उचलली की वजन निघून जातं, स्प्रिंग सुटते आणि चाक खाली लोंबतं. डावं चाक लोंबलं. उजवं जिथल्या तिथे राहिलं. मडगार्डच्या आत तसंच दाबून बसलेलं, गाडी जमिनीवर असताना होतं तसं. शेडचा पत्रा बरोबर त्या कोपऱ्यावर गळायचा. मला ते दिसलं. मी "गंजलंय जरा" असं काहीतरी पुटपुटलो आणि पान्याने नट सोडवायला लागलो. बाबा शेजारी टॉर्च धरून उभे होते. तेही काही बोलले नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दोन्ही स्ट्रट उतरवले. स्प्रिंग काढायला मी ऑनलाइन मागवलेला कॉम्प्रेसर होता. आकडे असलेले दोन लांब स्क्रू. समोरासमोर स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे, आळीपाळीने आवळायचे, स्प्रिंग आखडली की रॉडवरचा नट काढायचा आणि मग हळूहळू सैल करायचं. उजव्या बाजूला सैल करताना फेरे संपता संपत नव्हते. तेव्हाही डोक्यात घंटी वाजायला हवी होती. जाम झालेल्या रॉडने ती स्प्रिंग आधीच दाबून धरलेली होती. कॉम्प्रेसरला काढताना फक्त धरून ठेवायचं होतं, दाबायचं काम रॉडने करून ठेवलं होतं. लावताना ते सगळं दाबण्याचं काम कॉम्प्रेसरला स्वतःला करावं लागणार होतं. काढलं तसं लावायचं, असं मॅन्युअलमध्ये बिनधास्त लिहितात. कोणीतरी कधीतरी त्यांना सांगायला हवं.

आठवडाभर पुण्यात. बुश प्रेसवर बदलून आणले, माउंटिंग-बेअरिंग घेतली. दुकानदाराने विचारलंही, "शॉकअप बघितले का? जोडी घेऊन ठेवा." मी म्हटलं, "जुने ओके आहेत." का म्हटलं? पैशांचा प्रश्न नव्हता. जुने ओके नाहीत असं म्हटलं असतं तर ते ओके नाहीत हे मला मान्य करावं लागलं असतं. त्याच्याकडे तेव्हा स्टॉक नव्हता, मागवायला चार-पाच दिवस. चार-पाच दिवस म्हणजे मंगळवार गेला.

शनिवारी, २३ तारखेला, सकाळी रत्नागिरी. धो-धो पाऊस. शेडमध्ये बसून दोन्ही स्ट्रट तपासले. डाव्याचा रॉड हाताने दाबला तर एकसारखा, संथ, विरोध करत आत गेला, ओढला तर तसाच बाहेर आला. चांगला शॉकअप असाच असतो, मधाच्या बरणीत चमचा फिरवल्यासारखा. उजव्याचा रॉड डाव्यापेक्षा चार बोटं आत, आणि हलायला तयार नाही. सीलच्या कडेला गंजाचं तपकिरी कडं. मी गंज सोडवायचा स्प्रे मारला, नळी व्हाइसमध्ये धरली, रॉडला ट्यूबचं रबर गुंडाळून पक्कडीने पिळला, लाकडी ठोकळा ठेवून वरून हातोडीने ठोकला. दोन तासांनी कर्रर्र आवाज करत एक बोटभर बाहेर आला. परत तेवढाच आत गेला, खरखरत. मग परत अडकला.

मी बाबांना म्हटलं, "थोडासा हलतोय."

मंडळी, "थोडासा हलतोय" हे वाक्य मी ऑफिसात कितीदा ऐकलंय आणि कितीदा बोललोय! "माझ्या मशीनवर चालतंय", "कधीकधीच येतो हा एरर", "रीस्टार्ट केलं की जातो". थोडासा हलणारा शॉकअप म्हणजे जाम शॉकअपच, फक्त त्याने आपल्याला खोटं बोलायला निमित्त दिलेलं असतं. क्रोमच्या रॉडवर एकदा गंजाचे खड्डे पडले की ते प्रत्येक हालचालीला सील कापतात. म्हणजे आज सुटला तरी उद्या तेल गळणार. तो सुटणं आणि बरा होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण मी स्वतःला पटवलं की गाडीचं वजन पडलं, चार खड्डे मिळाले की मोकळा होईल.

रविवार. डाव्या बाजूचा स्ट्रट तासाभरात जोडून झाला. आता उजवा. इथे गणित येतं. स्प्रिंग बसवून, वर माउंटिंग ठेवून, रॉडचे आटे माउंटिंगच्या वर आले पाहिजेत तरच नट लागतो. रॉड पूर्ण बाहेर असेल तर स्प्रिंग थोडीशी दाबून भागतं. रॉड तीन बोटं आत अडकला असेल तर स्प्रिंग तीन बोटं, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर, जास्त दाबावी लागते. अकरावीतला फॉर्म्युला आठवा. स्प्रिंगमधली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजुतीपुरते आकडे घेऊ. समजा एरवी १० सेंटीमीटर दाबून काम होतं आणि तेव्हा स्प्रिंग दीडशे किलोच्या जोराने परत ढकलतेय. ही ऊर्जा म्हणजे दहा किलो गव्हाची पिशवी टेबलाच्या उंचीवरून पडल्यासारखी. १५ सेंटीमीटर दाबलं तर दाब दीडपट, पण ऊर्जा सव्वादोनपट. तीच पिशवी आता माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवरून. आणि ही पिशवी तुमच्या दोन हातांच्या मधे, दोन आकड्यांवर टांगलेली.

मी आवळत होतो. एका बाजूला चार फेरे, दुसऱ्या बाजूला चार. हळूहळू स्क्रू जड होत गेले, पान्याला पाईप लावावा लागला. स्प्रिंग केळ्यासारखी एका बाजूला वाकायला लागली. वाकलेली स्प्रिंग हा थांबायचा इशारा असतो, हेही व्हिडिओत बघितलं होतं. बाबा वाकून माउंटिंग दोन्ही हातांनी धरून सरळ करत होते, आटे वर आले की नट टेकवायचा म्हणून. "आले का?" "दिसत नाही रे. एक मिनिट, चष्मा आणतो." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखे हळू. पायरी चढून आत गेले.

मी तेवढ्यात अजून दोन फेरे मारले.

आवाज झाला. नेमकं काय आधी झालं ते मला सांगता येणार नाही. एक आकडा वेढ्यावरून घसरला, स्प्रिंग आडवी उसळली, माउंटिंग सुटून सरळ वर गेलं आणि शेडच्या पत्र्यावर आदळून माझ्यापासून दोन हातांवर पडलं. पाना कुठेतरी कुंडीत. माझ्या मनगटाला खरचटलं. बस्स, एवढंच. मी मांडी घालून बसलो होतो तसाच बसून राहिलो.

आतून आईचा आवाज आला, "काय रे पडलं?"

बाबा दारात चष्मा हातात घेऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पत्र्याकडे, मग जिथे ते आत्ता वाकले होते त्या जागेकडे. आणि म्हणाले, "काही नाही गं. नारळ पडला पत्र्यावर."

मग माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले. बराच वेळ आम्ही दोघं पाऊस बघत होतो. मग मी म्हटलं, "बाबा, मला माहीत होतं तो जाम आहे. त्या शुक्रवारीच कळलं होतं. चाक लोंबलं नव्हतं."

"मला पण दिसलं होतं," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढा पुण्याहून येऊन खपत होतास. म्हटलं तू इंजिनिअर, बघितलं असशील." थोडं थांबून म्हणाले, "आणि मला वाटलं, बोललो तर गणपतीला गाडी होणार नाही."

मी त्यांच्यासाठी बोललो नव्हतो, ते माझ्यासाठी बोलले नव्हते. टॉर्च त्यांच्या हातात होता, पाना माझ्या हातात, चाक दोघांच्या समोर. पुढे काय झालं असतं याचा हिशोब मी त्या रात्री भरपूर केला. बाबांना वाचताना चष्मा लागतो, लांबचं नीट दिसतं. एवढ्या एका गोष्टीवर सगळं टिकलं होतं.

संध्याकाळी बाबांनी ओळखीच्या मेस्त्रींना फोन केला. मेस्त्री बाबांचे विद्यार्थी, त्यामुळे बाबांना अजून सर म्हणतात. आले, स्ट्रट हातात घेतला, रॉड एकदा दाबला आणि खाली ठेवला. दोन सेकंद. "हा संपला सर. हे सुटायचं नाय." मी विचारलं, "गॅस टॉर्चने गरम करून...?" तर माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य तिथेच सोडलं. आत तेल, सगळीकडून बंद नळी. ती गरम करणं म्हणजे बॉम्बला शेक देणं. गंजलेला बोल्ट गरम करून सोडवतात, शॉकअप नाही. गाडीच्या वजनाने मोकळा होईल का विचारलं तर म्हणाले, "मोकळा नाय होत. आधी माउंटिंग फुटतं, मग टायर खातो, मग तुम्ही माझ्याकडे येता." मग माझा कॉम्प्रेसर उचलून आकडे बघितले आणि काही न बोलता स्वतःच्या पिशवीत टाकला. तो मला अजून परत मिळालेला नाही. मी मागितलेलाही नाही.

मंगळवारी गणपती रिक्षातून आले. बाबा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर बसायला निघाले होते, आईने ओरडून मागे बसवलं. मूर्ती माझ्या मांडीवर. कोणी गाडीचा विषय काढला नाही.

नवीन शॉकअप कोल्हापूरहून मागवले. ८०० बंद होऊन अकरा वर्षं झाली तरी असे भाग मिळतात, ही त्या गाडीची पुण्याई. दोन मागवले. डावा चांगला होता तरी. एका बाजूला नवा आणि एका बाजूला अठरा वर्षांचा म्हणजे दोन चाकांचे दोन स्वभाव. शॉकअप जोडीनेच बदलतात. पार्सल शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळची आरती झाल्यावर मेस्त्री प्रसाद खाऊन शेडमध्ये आले. त्यांचा कॉम्प्रेसर जमिनीवर पक्का बसवलेल्या स्टॅन्डसारखा, स्प्रिंगला वर-खाली पूर्ण कवेत घेणारा. ते कधीही स्प्रिंगच्या रेषेत उभे राहिले नाहीत. कायम बाजूला. मी हे बघितलं आणि पाठ केलं.

बाकीच्या चार गोष्टी, कोणाला उपयोगी पडल्या तर. नवा तेलाचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबायचा आणि पूर्ण ओढायचा. पार्सलमध्ये आडवा पडून आत हवा शिरलेली असते, ती वर निघून जाते. पहिल्या दोन वेळा मधेच रिकामा वाटतो, मग एकसारखा होतो. रॉडला कधीही उघड्या पक्कडीने धरायचं नाही, क्रोमवर एक ओरखडा म्हणजे सीलला करवत. वरचा नट नवाच वापरायचा. लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट आधी हलकेच लावायचे आणि गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळायचे. चाक लोंबत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. आणि शेवटी अलाइनमेंट. स्ट्रटचे खालचे बोल्ट सोडले की चाकाचा कोन थोडा तरी बदलतोच.

आणि सगळ्यात पहिली गोष्ट, जी मी सगळ्यात शेवटी शिकलो. जोडायला बसण्याआधी, किंबहुना उतरवतानाच, रॉड दाबून बघा. नट हातात घेतल्यावर नाही.

घोड्या काढल्या, गाडी जमिनीवर आली. मेस्त्रींनी उजव्या मडगार्डवर भार देऊन गाडी दाबली आणि सोडली. ती वर आली, एकदा किंचित खाली गेली आणि थांबली. मला इंजिनिअरिंगचं डॅम्पिंग आठवलं. कॉलेजात वाटायचं की आदर्श गाडी म्हणजे जिला एकदाही झोका येत नाही अशी, पुस्तकातल्या क्रिटिकल डॅम्पिंगसारखी. प्रत्यक्षात साध्या गाड्यांमध्ये त्याच्या साधारण पाव ते चाळीस टक्के एवढंच डॅम्पिंग ठेवतात. त्याहून जास्त ठेवलं तर गाडी कडक होते, प्रत्येक खडा अंगावर येतो आणि चाक रस्ता सोडतं. थोडं झुलायला जागा लागते. आमच्या घरात त्या रविवारपर्यंत सगळं फार घट्ट चाललं होतं. कोणी कोणाला दुखवायचं नाही, कोणी नाही म्हणायचं नाही. त्यातून काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मंगळवारी, २ सप्टेंबरला, गौरी-गणपतीचं विसर्जन. बाप्पा गाडीतून गेले. बाबा चालवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, वीसच्या स्पीडने. मी शेजारी पाट घेऊन. वाटेत पावसाने उखडलेला एक चांगला हातभर खड्डा आला. बाबांनी ब्रेक लावला नाही, मुद्दाम. गाडी खाली गेली, वर आली, शांत झाली. मूर्ती हललीसुद्धा नाही.

"बरी झाली," बाबा म्हणाले.

मागून आई म्हणाली, "ते पत्र्याला पोचा आलाय तो नारळाने नाही आलेला, मला काय कळत नाही का? आपल्या शेडवर माड कुठाय?"

आम्ही दोघंही समोर रस्त्याकडे बघत राहिलो. असो. पुढच्या वीकेंडला शेडचा पत्रा बदलायचाय. त्या कामाला मात्र मी माणूस लावलाय. :)